खोडलेली ओळ

दत्तारामांची बायको गेली त्या सकाळी सेक्रेटरी गांगलांनी सोसायटीच्या फळ्यावर तिच्या निधनाची इंग्रजी नोटीस लावली आणि सवयीने शेवटी लिहिलं, ‘काइंडली डू द नीडफुल’.

खांदा द्यायला आलेले दोघंतिघं ते वाचून तोंड फिरवून हसले. दत्तारामांची बायको इंग्रजीची शिक्षिका. सगळे तिला बाईच म्हणत, नवरासुद्धा. गेली वीस वर्षं बाई प्रत्येक नोटिशीतली हीच ओळ लाल पेनाने खोडून वर नेमकं काम लिहीत आल्या होत्या. “अहो गांगल, ‘योग्य ते करावे’ म्हणजे काय करावे? टाकी धुवायची असेल तर टाकी धुवा म्हणा की!”

तेराव्याला गांगल ओशाळून आले. “भाऊ, बाईंच्याच नोटिशीत घोळ घातला. तुम्हीच खोडा.”

“मी? एसटीचा ड्रायव्हर मी. जन्मभर मराठी पाट्या वाचल्या.”

“ओळ तरी ओळखाल ना?”

“ती होय? ती झोपेतसुद्धा ऐकलीय.”

दत्तारामांनी बाईंच्या पर्समधलं लाल पेन घेतलं, खाली जाऊन रेघ मारली. रेघ वाकडी आली. “पट्टी घ्यायची,” असं बाई नक्की म्हणाल्या असत्या. त्यांना हसू आलं. मग नेमकं काम लिहायला त्यांनी रेघेच्या वर पेन टेकवलं आणि तिथेच थांबले. आता काय करायचं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नोटीस अजून फळ्यावर आहे. ओळ खोडलेली आहे. वर लिहायचं राहिलं आहे.