ग्रुपवरची मावशी

उशीच्या कंपनीतल्या जाहिरातवाल्याने मानदुखीवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर एक मावशी सोडली होती. अर्थातच खोटी. चेहरा कुणाचा लावायचा, म्हणून फोटोत नुसता पाठमोरा अंबाडा.

पण काय तिचा भाव! "भाच्याने ही उशी आणून दिली, आता मान कशी भिंगरीसारखी फिरते," असं तिने लिहायचा अवकाश, की ग्रुपवरच्या दुखऱ्या माना एकदम डोलायला लागायच्या. साहेब खूश होते. बढती आता हातातोंडाशी आली होती.

त्या दुपारी तो घरी जेवायला आला, तर आई तिसरं ताट घेत होती.

"तुझ्या मावशीचा फोन होता," आई म्हणाली.

"आई, तुला बहीण कुठे आहे?"

"तेच म्हटलं मी तिला. पण तुझी खडान्‌खडा माहिती आहे रे तिला! चिडली होती जरा. म्हणाली, भाचा सगळं स्वतःच बोलतो, मला तोंड उघडू देत नाही."

त्याने हसून बघितलं. हसू काही जमलं नाही.

"आणि बिचारीची मान म्हणे खरंच भिंगरीसारखी फिरली. फिरली ती परत आलीच नाही."

बेल वाजली.

त्याने दाराच्या भिंगाला डोळा लावला. समोर तोच अंबाडा होता. अंबाड्याखाली मात्र पाठ नव्हती. पोट होतं, आणि पोटाशी दोन्ही हातांनी कवटाळलेली कंपनीची उशी.