उघडा काठ

धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. लग्न पार पडलं होतं, शिवणकाम संपलं होतं. शिंप्यानं मशीन भिंतीकडे सरकवलं होतं आणि कापड बेतायच्या टेबलावर जहाज ठेवलं होतं. प्लास्टिकचं, हातभर लांब, पाठीवर विमानं वागवणारं. थोरल्या मुलानं सुट्टीत जोडायला घेतलेलं आणि अर्धं टाकून गेलेलं.

थोरला अशाच एका खऱ्या जहाजावर, डेकवर कामाला होता. त्यामुळे डब्यातले भाग त्याच्या पसंतीला उतरत नसत. "बाबा, ही जाळी आहे की बाज?" असं म्हणत त्यानं दुसऱ्या कंपनीचे पितळी भाग मागवले होते. कागदाहून पातळ पत्र्यातून कोरलेल्या शिड्या, रडार, आणि डेकच्या काठाखाली बसवायच्या बारीक जाळ्या. पार्सल दारात आलं तेव्हा ते उघडायला तो नव्हता.

शिंप्यानं ते उघडलं. शिड्या लावल्या, रडार उभं केलं. जाळ्यांचं पाकीट मात्र बटणांच्या डब्यात टाकलं आणि स्वतः दुकानात जाऊन पितळी कठड्याचं पाकीट घेऊन आला. आता तो डेकच्या कडेकडेनं कठडा लावत चालला होता. चिमट्यात तुकडा धरायचा, सुईच्या टोकावर ग्लूचा थेंब घ्यायचा, टेकवायचा, थांबायचं. विजार दुमडावी तशी एकेक बाजू पुरी होत होती.

"जन्मभर लोकांच्या विजारी आखूड केल्या," बायको कप ठेवत म्हणाली. "आता जहाजाला झालर लावा."

"झालर नाही. कठडा आहे."

"दिसतोय. चहा गार झाला की त्यालाही लावा."

तेवढ्यात दारात लंबू उभा राहिला. थोरल्याच्या टोळीतला, त्याच डेकवर त्याच्या जोडीनं काम करणारा. नावाप्रमाणे उंच, चौकटीखाली वाकूनच आत आला. हातात थोरल्याची ट्रंक होती. ती त्यानं भिंतीशी ठेवली. बायकोनं कुलपावरून एकदा हात फिरवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

लंबूला कुठं बघावं कळेना, म्हणून तो जहाजाकडे बघू लागला. बघता बघता वाकला.

"झकास झालंय, काका. रडार तर हुबेहूब." मग जरा अडखळला. "फक्त हे... इथं कठडा नसतो."

"नसतो?"

"डेकचा काठ उघडाच ठेवतात. खाली जाळी असते. पाकिटात जाळ्या आल्या असतील बघा."

"आल्यात. बटणांच्या डब्यात आहेत."

"मग?"

शिंप्यानं सुईचं टोक चिंधीला पुसलं. "कड उघडी सोडायची नसते. उसवते. या टेबलाशी बसून पोरगं पहिल्यांदा शिकलं ते हेच."

"पण काका, कठडा असला तर विमान उतरणार कसं? पंख अडकेल ना."

"नको उतरू दे."

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. शिंप्यानं पुढचा तुकडा उचलला, पण लावला नाही.

"जाळी धरते का रे माणसाला?"

लंबूनं आपल्या हातांकडे पाहिलं. "धरते, काका." आणि ते विजारीला पुसत, "बहुतेक वेळा."

"कुठं उभा होता तो?"

जहाजावरचे साहेब लोक घरी येऊन गेले होते. वाऱ्याबद्दल बोलले, कर्तव्याबद्दल बोलले, खांद्यावर हात ठेवून गेले. जागा कुणी सांगितली नव्हती आणि विचारायला कुणाचं तोंड उघडलं नव्हतं.

लंबूनं बोट पुढे केलं. पण त्याचं बोट जाड, त्याच्याखाली दोन विमानं झाकली गेली. शिंप्यानं त्याच्या हातात सुई दिली. लंबूनं टोक डाव्या बाजूला नेलं, मागच्या अंगाला, शेवटच्या विमानाच्या शेपटीपाशी टेकवलं.

"इथं." मग सुई जराशी सरकवली, जेमतेम नखाएवढी. "मी इथं होतो. एवढंच अंतर. पण इंजिनं सुरू असली की हाक पोचत नाही."

शिंप्यानं चष्मा वर सारला, भिंग डोळ्याला लावलं. त्या जागी कठडा कालच बसला होता. बोटाच्या टोकानं त्यानं तो हलवून पाहिला. पक्का होता. तरी त्यानं पत्र्यातून तेवढाच आणखी एक तुकडा कापला आणि चिमटा लंबूकडे दिला.

"तू धर. इथं दुहेरी टीप लागेल."

लंबू खाली बसला. तेव्हा कुठं त्याचं तोंड शिंप्याच्या तोंडासमोर आलं. त्यानं श्वास रोखून तुकडा जागेवर धरला. शिंप्यानं सुईनं एका टोकाला थेंब सोडला, मग दुसऱ्या टोकाला.

बायको कधीची दाराशी येऊन उभी होती.

"नीट धर रे बाबा," ती म्हणाली. "सोडू नकोस."

ग्लू केव्हाच वाळला. लंबूनं चिमटा सोडला नाही.

थोरला त्याच वर्षी गेला. बहिणीचं लग्न आटोपून कामावर परतला त्याच आठवड्यात, डेकच्या डाव्या काठावरून समुद्रात पडून.