गोधडीतला सेइराकू

बळवंतराव पोंक्ष्यांनी तेच वाक्य नवव्यांदा म्हटलं, आणि नवव्यांदाही ते रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखंच वाटलं.

"बैठिए ना। जल्दी किस बात की है?"

नोएडातल्या त्या डबिंग स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसलेल्या उल्काने हेडफोन काढून ठेवला. वाक्य सेइराकूचं होतं. पहिल्या ॲनिमे चित्रपटात हा खलनायक माणसाला आधी अदबीने बसायला सांगायचा आणि मग संपवायचा. आवाज कधी चढवायचा नाही. शेवटी तो ज्वालामुखीत पडला तेव्हा पोरं त्याच्यासाठी हळहळली. नायकाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. म्हणून आता दुसऱ्या भागात त्याला परत जिवंत केला होता. जपानी कंपनीची अट एकच होती, हिंदी आवाज तोच हवा.

तो आवाज उल्कानेच शोधलेला. लॉकडाउनमध्ये कलाकार घरूनच रेकॉर्ड करून पाठवायचे, त्यात दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या या पोंक्ष्यांचा नमुना आला होता. ऐकताना तिच्या अंगावर काटा आला होता. त्या निवडीवर तिची नोकरी पक्की झाली. सगळं काम फोन आणि ईमेलवर उरकलं, प्रत्यक्ष भेटायची वेळच आली नाही.

ती आज आली. काचेपलीकडे पंपांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, गडगडाटी हसणारे एक गृहस्थ उभे होते. मोतीबिंदू काढल्यापासून चष्मा सुटला म्हणून खूश होते. सगळे संवाद त्यांनी बिनचष्म्याचे भराभर वाचून दाखवले. वाचूनच दाखवले, तीच तर अडचण होती.

"काका, तेव्हा कसं जमवलं होतंत?" उल्काने विचारलं.

"घरी. कपाटात, गोधड्या टांगून. इथे समोर कोणी बघत असलं ना, की माझं बिल्कुल होत नाही."

स्टुडिओचा मालक श्याम अरोरा तिला बाहेर घेऊन गेला. त्याच्या मते यात मशीनची भानगड होती. म्हाताऱ्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरने आवाज बनवून पाठवला असणार, आणि करारात मशीनच्या आवाजाला सक्त मनाई होती.

"सोमवार तक लिखकर दे कि आवाज़ इन्हीं की है," तो म्हणाला. "नहीं तो काम भी गया और तू भी।"

उल्काला रात्रभर वाईट वाटत राहिलं. नोकरीची धास्ती होतीच, पण ज्या आवाजावर आपण इतका जीव लावला तो माणसाचाच नसेल, हे तिला जास्त लागलं.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन पोंक्ष्यांकडे पोचली. सरकारी क्वार्टर त्यांच्या बायकोच्या, सुमित्राकाकूंच्या नावावर होतं. काकू मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला अजून दोन वर्षं. उल्काने पुढे ठेवलेला करारनामा त्यांनीच चष्मा लावून, ऑफिसातली फाईल वाचावी तसा ओळीओळीवर पट्टी ठेवून वाचला. तोवर बळवंतरावांनी गप्पा हाणल्या. काकूंच्या ऑफिसातला एकजण संध्याकाळी हार्मोनियमचे क्लास घ्यायचा. परवानगी काढली नव्हती. मेमो आला आणि बिचाऱ्याची बढती अडकली.

"नियम तो नियम," काकू पान उलटत हळूच म्हणाल्या.

उल्काने मन घट्ट केलं आणि आतली खोली बघायची म्हणाली. बळवंतरावांनी हसत पडदा सरकवला. आत छोटा पॅसेज, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला झोपायची खोली. खोलीत रिकामं केलेलं लाकडी कपाट, त्यात तीन गोधड्या, एक माइक, एक हेडफोन, बसायला स्टूल. तिने कपाटामागे हात घातला, गादी उचलून पाहिली. कॉम्प्युटर कुठेच नव्हता. तिने लाजत फोन मागितला. बळवंतरावांनी दिला, आणि न मागता काकूंनीही आपला टेबलावर ठेवला. दोन्हींत आवाज बनवणारं काही सापडलं नाही.

माइकची आणि तिथल्या हेडफोनची लांब वायर तिने पडद्याखालून बाहेर ओढून लॅपटॉपला लावली. तिला सुरुवात करायची घाई झाली होती.

"बस गं निवांत," काकू म्हणाल्या. "मी चहा टाकते."

"आणि मी जातो गोधडीत," बळवंतराव म्हणाले.

दोघं पडद्याआड गेली. दार लागल्याचा आवाज आला. उल्काने हेडफोन चढवला.

मिनिटभर नुसता श्वास. मग ते आलं.

"बैठिए ना। जल्दी किस बात की है?"

तिच्या अंगावर तोच काटा आला. तरी तिने खात्री करायची ठरवली. आपल्या माइकमध्ये तिने तिथल्या तिथे सुचलेलं एक वाक्य सांगितलं. दोन सेकंदांत ते सेइराकूच्या तोंडून परत आलं. थोडं हळू, ती म्हणाली. हळू आलं. आता जरा हसू दाबून. तसंही आलं. कॉम्प्युटरशिवाय हे कुठल्या मशीनला जमणारं नव्हतं. उल्काचे डोळे भरून आले, आणि आपण या भल्या माणसावर संशय घेतला याची तिला शरम वाटली.

"काका, सॉरी," ती माइकमध्ये म्हणाली. "कमाल आहात तुम्ही."

"शुक्रिया," सेइराकू अदबीने म्हणाला.

तिने प्रमाणपत्र पुढे ओढलं. 'हा आवाज श्री. बळवंत पोंक्षे यांचाच असून तो माझ्यासमक्ष ध्वनिमुद्रित झाला आहे.' खाली झोकात सही केली, फोटो काढला आणि श्यामला पाठवून दिला. लगेच त्याचा अंगठा आला. तिने सुटकेचा श्वास सोडला. हेडफोनमध्ये सेइराकू पुढचा संवाद सुरू करत होता.

पडदा सरकला, आणि चहाचा ट्रे सांभाळत बळवंतराव बाहेर आले.