चांगल्यातलं तेल

“आईंना सांग, दाबा म्हणावं,” सून म्हणाली.

आई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिच्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. सायकलच्या मागच्या ब्रेकचा लिव्हर त्यांच्याच मुठीत होता. तरी मधे स्टुलावर बसलेल्या मुलाकडून निरोप येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“आई, दाब,” मुलगा म्हणाला.

“तिला सांग, दाबलाय.”

चार दिवस घरात हे असंच चाललं होतं. एरवी लिव्हर धरायचं काम मुलाचं, पण त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. दगडधोंड्यांतून सायकलवर डोंगर उतरणारी बायको धडधाकट आणि स्टुलावर चढून पडदा लावणारा नवरा जायबंदी, असा या घरातला न्याय. तीन वाजता शर्यत होती, आणि मागच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर लिव्हर दाबून धरायचा. दुसऱ्याने खाली स्क्रू उघडून ब्रेक ऑइलबरोबर बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि स्क्रू बंद करायचा. मगच वरच्याने सोडायचं. त्याआधी सोडलं, की निघालेली हवा आल्या पावली परत आत.

सुनेने स्क्रू उघडला. मुठीतला लिव्हर एकदम ढिला पडून खाली गेला, तशी सासूबाईंनी “अगं बाई!” म्हणून हातच काढून घेतला. बुडबुडे सुर्रकन माघारी फिरले.

“त्यांना सांग, मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही.”

“आई, ती म्हणतेय...”

“ऐकलं. बहिरी नाही मी.”

ऐकू येत होतं, पण मुलाने सांगितल्याशिवाय ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या खेपेला बोटं दुखायला लागली तेव्हा सून “अजून धरा” म्हणाली. ते मुलाच्या तोंडून “आई, ती म्हणतेय की” इथवर पोचलं आणि हवा पुन्हा आत गेली. बाटलीत आता बोटभरच ब्रेक ऑइल उरलं होतं.

भांडण झालं होतं तेलावरून. सायकल सोळा वर्षांची. तिचे सुटे भाग कंपनीने बनवायचेच सोडून दिलेले, त्यामुळे सून कुठून कुठून जुळवाजुळव करून ती चालती ठेवायची. मागचा ब्रेक गल्लीच्या कोपऱ्यापासूनच केकाटायचा, आणि तोही नेमका सासूबाईंचा दुपारचा डोळा लागताना. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. कुरकुरणाऱ्या वस्तूवर त्यांना एकच इलाज ठाऊक. ब्रेकच्या चकतीला त्यांनी शिवणमशीनचं तेल दिलं, चार थेंब, आणि फडक्याने छान पुसूनही घेतली. ब्रेक गप्प झाला. दुसऱ्या दिवशी उतारावर सून ब्रेक दाबत राहिली आणि सायकल झुडपात जाऊन थांबली. मग ब्रेक खोलून सगळं तेल धुवून काढावं लागलं, आणि त्यातच नळीत हवा शिरली.

सोललेला गुडघा घेऊन घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “माझ्या वस्तूला कुणी हात लावायचा नाही.” मशीनच्या बाबतीत हेच वाक्य सासूबाई जन्मभर सगळ्या घराला ऐकवत आल्या होत्या, म्हणून तर ते जास्त झोंबलं. तो गुडघा मात्र त्या येता-जाता चोरून बघत होत्या.

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. सासूबाईंनी बाटलीकडे.

“तू ऊठ रे तिथून,” त्या मुलाला म्हणाल्या. “उगाच मधे कडमडू नकोस.” मग लिव्हर धरून सुनेला म्हणाल्या, “हं, बोल.”

“दाबा.”

“दाबला.”

“धरा... सोडा.”

“सोडला.”

मशीनच्या पायडलवर पाय बसावा तसा लिव्हरवर हात बसला. बुडबुडे कमी होत गेले.

“दाबा.”

“दाबला. ते तेल ना, चांगल्यातलं होतं गं. माझ्या मशीनलासुद्धा मी बेताने घालते.”

सुनेने मान वर केली. “मीही जरा जास्तच बोलले, आई.”

“स्क्रूकडे बघ. धरलाय मी अजून.”

बाटली रिकामी झाली तेव्हा बुडबुडेही संपले होते. सुनेने चाक बसवलं, सायकल स्टँडवरून खाली उतरवली आणि म्हणाली, “आता जोरात दाबून बघा.” लिव्हर अर्ध्यावर जाऊन घट्ट थांबला. तिने सायकल पुढे ढकलली. चाक तसूभर फिरलं नाही.

“झकास! सोडा आता, आई.”

सासूबाईंनी सोडला नाही.

“आई, उशीर होतोय मला.”

“गुडघ्याला ते बांधायचं कुठंय?”

सुनेने दोन्ही गुडघ्यांना पॅड बांधले.

“हेल्मेट?”

“अहो, तिथे पोचल्यावर घालणारच आहे.”

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सुनेने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि हनुवटी वर करून दाखवला. मगच मूठ सुटली.

सून गेल्यावर सासूबाई नेहमीसारख्या आडव्या झाल्या. तीन वाजले, चार वाजले, पण डोळ्याला डोळा लागेना. मुलाने चहा करू का विचारलं, त्यावर त्याच्या अंगावर खेकसल्या.

पाचच्या सुमाराला गल्लीच्या कोपऱ्यावर ब्रेक केकाटला. असा, की शेजारचं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

“झालं, पुन्हा सुरू!” मुलगा वैतागून म्हणाला. “आई, आता काय करायचं गं याचं?”

आत एव्हाना सासूबाई घोरत होत्या.