वर केलेला हात

पोथी उतरवताना देवाचं नाव आलं, की झेलिग डावा हात वर करायचा. ते लिहून होईपर्यंत राजाने हाक मारली तरी ओ द्यायची नाही, असा ज्यू लेखनिकांचा नियम. "लेक हिंदे गाडीवानाच्या घरी? माझ्या तोंडून हो निघणार नाही," असं त्याने भर सिनेगॉगमध्ये सांगून ठेवलं होतं.

बायको ब्रायनाला पोथीतलं वाचता येत नसे. ती सकाळपासून दाराशी येरझाऱ्या घालत होती. हात वर गेला तशी घाईघाईने म्हणाली, "अहो, हिंदेसाठी गाडीवानाच्या लाइझरला होकार कळवतेय. नको असेल तर आत्ता सांगा, मागाहून कुरकुर नको."

झेलिग गप्प. ती पळालीच.



त्या दिवशी तो एस्तेर राणीची पोथी उतरवत होता. त्या अख्ख्या पोथीत देवाचं नाव एकदाही येत नाही.