उघड्या फळ्या

नवलनं हॉलच्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर अंथरलेली सतरंजी मोहिनीनं त्यालाच गुंडाळायला लावली.

"पाव्हनासले उघड्या फळीवर बसाडतस का, ताई?" पिंप्राळ्यातला तो लग्नाचा हॉल नवल सांभाळायचा, आणि पाहुणचारातली कसर त्याला खपत नसे. "हाई बरं दिखत नही."

"फळ्यांवरच बसू दे. आणि चपला बाहेर," मोहिनी म्हणाली.

मोहिनी नाच शिकवायची. हट्टीपणात तिचा हात धरणारं जळगावात कुणी नव्हतं. तिनं निवडलेलं संगीतच बघा ना. परदेशातल्या कुणी तरी एका बॅलेसाठी रचलेलं, आणि पुढं फारसं कुणी न वाजवलेलं. सगळा भार ढोलांवर आणि जाड आवाजाच्या वाद्यांवर. गोड चाल औषधालाही नाही. जमिनीखालून वर येणाऱ्या नदीची ती गोष्ट. एरवी लग्नात पडद्यावर नवरा-नवरीवर गुलाब उधळणाऱ्या ललितनं संगणकावर ती नदी रंगवली होती. ढोल वाजला की तांबडी लाट, वाद्य घुमलं की निळी. स्पीकर त्यानं फळ्यांखाली सरकवले होते. नवलनं विचारलं तर म्हणे, वर ठेवले की पडदा झाकला जातो.

हा सगळा खटाटोप कोकिळाअक्कासाठी होता. मोहिनीची ही थोरली बहीण धुळ्याला असायची. लहानपणी मोहिनीची वेणी घालून तिला स्टेजवर ढकलणारी तीच, पण एकाही कार्यक्रमाला ती शेवटपर्यंत बसली नव्हती. अर्ध्यातून उठून जायची. नातेवाईक म्हणत, जळते. मोहिनीला ते कधी पटलं नाही, तरी आत सलायचंच. या वेळी अक्कानं मोबाइलवर लिहिलं होतं, 'येते. माझी माणसं घेऊन येते.'

दोंडाईचा, एरंडोल, कुठून कुठून माणसं आली आणि निमूट फळ्यांवर बसली.

मोहिनी नाचली, आणि काय नाचली! लाट तिच्या टाचेखालून निघून पडद्यावर चढत होती. नदी कुठं संपते आणि बाई कुठं सुरू होते, कळेना. मध्येच बाहेरून फटाके उडवत वरात गेली. एकानंही मान वळवली नाही. दारात उभा नवल थक्क झाला. असे दर्दी पाहुणे त्यानं या हॉलमध्ये कधी पाहिले नव्हते.

शेवटचा ढोल थांबला. पडदा काळा झाला.

एकही टाळी पडली नाही.

मोहिनी धापा टाकत पहिल्या रांगेकडं बघत राहिली. अक्का गेली नव्हती. दोन्ही तळवे फळीवर टेकून ती रडत होती. मग उठली, पुढं आली आणि मोहिनीचा हात तिनं आपल्या छातीवर दाबून धरला.

तिच्यामागं सगळ्यांनी हात वर करून बोटं हलवायला सुरुवात केली. नवलला काही उमजेना. पण पाहुण्यांत शोभेल ते करावं, म्हणून तो एकटाच जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. त्या टाळ्या हॉलमध्ये तिघांनाच ऐकू आल्या: मोहिनीला, ललितला आणि त्याला स्वतःला.