दाजी नमुना

"सर, हाही दाजीच ना?" मागच्या बाकावरच्या बाईंनी नाणं पुढे केलं आणि वर्गात खसखस पिकली.

जुन्या नाण्यांच्या या वर्गात 'दाजी' म्हणजे खोटी दुहेरी अक्षरं. नाणं पाडताना यंत्र जरासं घसरलं की अक्षरांच्या कडेला एक चपटी पायरी उमटते. तिला कवडीची किंमत नसते. खरा प्रकार वेगळा. त्यात साचा घडवतानाच ठसा दोनदा बसलेला असतो. अक्षरं फुगीर होतात, त्यांच्या टोकांना खाच पडते, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती खाच त्याच जागी येते. यंत्राचं घसरणं मात्र दोनदा सारखं होत नाही. नऊ वर्षं सर हेच शिकवत होते. भिंतीवर चौकटीत एका नाण्याचा मोठा केलेला फोटो होता. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'दाजी नमुना. असं दिसलं तर फसू नका.'

सरांनी बाईंचं नाणं भिंगाखाली धरलं. नाणं कोरं होतं, फारसं हाताळलेलं नव्हतं. सालातल्या शेवटच्या आकड्याच्या पोटात खाच. पहिल्या अक्षराच्या पायाशी दुसरी. कडा गोल. त्यांनी ते दिव्याखाली फिरवलं, उलटं धरलं, पुन्हा फिरवलं. मग भिंतीकडे पाहिलं. फोटोतलं नाणं झिजलेलं होतं, पण खाच त्याच आकड्याच्या पोटात होती. दुसरीही, पायाशीच.

"सर?"

"उद्या सांगतो," सर म्हणाले. हे वाक्य वर्गाने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सगळे गेल्यावर त्यांनी चौकट खिळ्यावरून उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तडक बहिणीच्या नवऱ्याच्या घड्याळांच्या दुकानात गेले.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दाजी एका डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसले होते. ताई खोक्यातले पट्टे निवडत होती.

"बस की. पाहुण्यासारखा उभा काय राहिलास?" ताई म्हणाली.

"असू दे. गर्दी सरू दे."

"या, सर," दाजी मान वर न करता म्हणाले. पूर्वी ते 'काय रे' म्हणायचे. गेली नऊ वर्षं 'सर'.

एक गिऱ्हाईक गेलं. दुसऱ्याची तक्रार होती की गजर होतो, पण जाग येत नाही. "मग ही दुरुस्ती माझ्याकडची नव्हे," दाजी म्हणाले. तोही हसत गेला. दार लागल्यावर सर स्टुलावर बसले आणि त्यांनी कागद सोडला.

"दाजी, माझं चुकलं. या फोटोतलं तुमचं नाणं खरं होतं. त्याच साच्यातलं दुसरं आज माझ्यासमोर आलं." त्यांचा आवाज खाली गेला. "तुमचं मी तेव्हा अर्धं मिनिटसुद्धा पाहिलं नाही. दिव्याखाली फिरवलंही नाही."

दाजींनी चौकट हातात घेतली, खालची ओळ वाचली आणि परत दिली.

"गेल्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. म्हणाले, जरा बघता का, हे नाणं दाजी आहे का? म्हटलं, ते नाणं आहे. दाजी मी आहे." ते हसले, एकटेच.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुझ्या वर्गातली माणसंही घड्याळं वापरतात," ताई म्हणाली. तिने हातातला पट्टा खाली ठेवला. "आणि आज गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबलास होय रे? त्या दिवशी हे त्यांचं नाणं दाखवायला आले, तेव्हा नाणेसंग्राहक मंडळाचा हॉल रिकामा व्हायची वाट नव्हती पाहिलीस. 'दाजी, चष्मा पुसा, एकाची दोन दिसतायत.' चाळीस माणसं हसली." ती थांबली. "मीही हसले."



"ते नाणं द्या," सर म्हणाले. "मी लेखी दाखला देतो. मंडळाच्या पत्रिकेत छापतो, माझ्या नावानिशी."

दाजींनी चिमट्याने मागच्या भिंतीकडे दाखवलं. तिथे लंबकाचं जुनं घड्याळ चालू होतं. लंबकाच्या दांडीवर, बरोबर मध्यावर, नाणं सोल्डर केलेलं होतं.

"लंबकाखालची चाकी शेवटपर्यंत फिरवली, तरी रोज पाच मिनिटं मागं पडायचं. वजन हवं होतं. म्हटलं, सरांनीच सांगितलंय, कवडीचं आहे. एवढ्या तरी कामाला येईल."

सर उठून जवळ गेले. नाणं डावीकडे जात होतं, उजवीकडे येत होतं. एका कडेवर सोल्डरचा राखाडी थेंब थिजला होता. सालाचा शेवटचा आकडा त्याखाली गेला होता. असं नाणं कुणीही हातात धरणार नाही, हे सरांइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं.

"काढू या," तरी ते म्हणाले. "हलक्या हाताने तापवलं तर..."

"राहू दे रे," दाजी म्हणाले. "काढलं तर पुन्हा मागं पडेल."

सर स्टुलावर येऊन बसले. चौकट त्यांनी मांडीवर घेतली. दार वाजलं. नवं गिऱ्हाईक आत आलं, त्याने सरांना ओळखून नमस्कार केला आणि मांडीवर काय आहे ते पाहायला मान पुढे काढली.

ताईने सरांकडे पाहिलं. चौकट त्यांनी केव्हाच पालथी घातली होती.